विभागाच्या प्रकाशनांची यादी करताना: माझा अनुभव

इंग्रजी विभागातल्या प्राध्यापकांची वर्षभरातली प्रकाशनं आणि उपक्रम गोळा करून अहवालात देण्याचं काम माझ्याकडे असतं. "तुमची माहिती पाठवा" एवढंच म्हटलं, तर अख्खा बायोडेटा येतो. म्हणून मी रकाने आखलेला तक्ताच पाठवते: प्रकार, शीर्षक, सहलेखक, नियतकालिक किंवा प्रकाशक, खंड-अंक, पानं, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), सद्यस्थिती. वर कालावधीच्या दोन्ही तारखा.

वाद होतो तो सद्यस्थितीवरून. नुसता पाठवलेला लेख मी धरत नाही. स्वीकृतीचं पत्र असेल, तर तो 'प्रकाशनाच्या वाटेवर' या वेगळ्या मथळ्याखाली, वर्ष न घालता जातो. वर्ष घातलं की तोच लेख पुढच्या अहवालात दुसऱ्यांदा मोजला जातो. डिसेंबरात ऑनलाइन आलेला लेख मार्चच्या अंकात छापला गेला, तरी हाच घोळ. अंकाचं वर्ष धरा किंवा ऑनलाइनचं, पण सगळ्यांना एकच नियम लावा.

डीओआय नेहमी '१०.' ने सुरू होतो. तो मी प्रत्येक वेळी उघडून बघते, कारण पीडीएफमधून उचलताना शेवटचा पूर्णविराम चिकटून येतो किंवा ओळ तुटल्यामुळे मधे जागा पडते, आणि दुवा उघडत नाही. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आठ अंकी असतो, शेवटी कधी 'एक्स'. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगळे. हा क्रमांक म्हणजे फक्त ओळख, दर्जाचा दाखला नव्हे. नावाजलेल्या नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन उचलून बनावट संकेतस्थळं चालवली जातात, म्हणून क्रमांकाची नोंद आयएसएसएनच्या पोर्टलवर बघून प्रकाशकाचं नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता जुळतो का तेही पाहते.

संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ग्रंथाचाच आयएसबीएन द्यावा लागतो. संपादकांची नावं हवीतच. पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी आणि ई-बुक यांचे आयएसबीएन निरनिराळे असल्यामुळे एकच पुस्तक तीनदा मोजलं जाऊ शकतं.

साहित्याच्या विभागात कविता, अनुवाद, परीक्षणं भरपूर असतात आणि त्यांना बहुधा डीओआय नसतो. तिथे मुखपृष्ठ, श्रेयपान आणि पहिलं पान यांची छायाचित्रं मागवते. अनुवादात मूळ लेखकाचं नाव हमखास गळतं.

नोंदी एमएलए या संदर्भलेखनाच्या पद्धतीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या नवव्या आवृत्तीप्रमाणे करते, एक अपवाद सोडून. तिथे तीन किंवा जास्त लेखक असले की पहिलं नाव देऊन पुढे 'आणि इतर' म्हणायचं असतं. म्हणजे आपलाच सहकारी तिसरा असला, तर विभागाच्या यादीतून तोच गायब! मी सगळी नावं देते.

उपक्रमांत निबंधवाचन, निमंत्रित व्याख्यान, सत्राचं अध्यक्षपद आणि नुसती उपस्थिती हे चार रकाने. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापलंय म्हणून निबंध वाचला असं होत नाही. प्रमाणपत्र मागावंच लागतं. थोडं कटू वाटतं, पण इलाज नाही.

शेवटी कच्ची यादी सगळ्यांना पाठवते, दुरुस्तीची मुदत घालून. नावं आडनावांच्या अकारविल्हे. ज्येष्ठतेनुसार लावली, तर दुरुस्त्या यादीच्या येत नाहीत, क्रमाच्या येतात.