भाडं भरतोय, पण लिफ्ट बंद

आमच्या ठाण्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी लागते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ काम. एकट्या ठाणे शहराच्या यादीत चार हजारांच्या वर इमारती असतात. सी-१ त्यातल्या थोड्याच, पण खरी धावपळ तिथेच होते. मी याच पट्ट्यातल्या एका पालिकेत मालमत्ता विभागात आहे, कुठल्या ते सांगत नाही कारण हे दुखणं एका पालिकेचं नाहीच. माझ्याकडे रेंटलच्या खोल्या आहेत, म्हणजे वाटप, चाव्या, भाड्याच्या पावत्या, थकबाकी सगळं.

रेंटल म्हणजे काय ते आधी सांगतो कारण अर्ध्या लोकांना वाटतं हे झोपडपट्टीवाल्यांचं एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन आहे. २००८ साली एमएमआरडीएनं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, भाड्याच्या घरांची योजना आणली. जमीन बिल्डरची, त्याला ४ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम, द्यायचा आणि बदल्यात त्यातल्या पाव हिश्श्यात त्यानं १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून फुकट द्यायच्या. बांधकामाला तिजोरीतून रुपया जात नाही, कागदावर एकदम बेस्ट. मूळ विचार होता कमी पगाराच्या माणसाला शहरात परवडणारी भाड्याची खोली मिळावी, पण पुढे धोरण फिरत गेलं, काही ठिकाणी दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांचं घर करून गिरणी कामगारांना दिलं आणि काही खोल्या पालिकांकडे आल्या, धोकादायक इमारतीतल्या लोकांना ठेवायला. २०१३ च्या एप्रिलमध्ये शीळ फाट्याला इमारत कोसळून ७४ माणसं गेली, त्यानंतर तर अशी जागा हाताशी असणं किती गरजेचं आहे ते सगळ्यांना कळलं.

आता त्या दिवसाचं. जुलै महिना, सकाळपासून धो धो पाऊस. दुपारी प्रभाग समितीतून फोन आला की एका सी-१ इमारतीत जिन्याचा स्लॅब खाली आलाय, कुणाला लागलेलं नाही पण आत्ताच्या आत्ता रिकामी करायचीय, खोल्या तयार ठेवा. नोटीस त्या लोकांना मे महिन्यातच दिली होती, तरी राहत होती माणसं, आणि मी त्यांना दोष देणार नाही कारण बाहेर वन आरके बघायला गेलं की डिपॉझिट, दलाली आणि अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट एवढ्यातच घरकाम करणाऱ्या बाईची किंवा रिक्षावाल्याची दोन वर्षांची शिल्लक संपते.

मी चाव्या घेऊन रेंटलला पोचलो तेव्हा रिकाम्या खोल्या होत्या बाराव्या मजल्याच्या वरच, खालच्या सगळ्या कधीच भरलेल्या. तीन लिफ्टपैकी दोन बऱ्याच महिन्यांपासून बंद होत्या आणि तिसरी त्याच दुपारी अडकली होती. संध्याकाळी टेम्पो यायला लागले. ताडपत्री टाकूनसुद्धा गाद्या भिजलेल्या, गोदरेजचं कपाट, मिक्सर, मुलांची दप्तरं, गॅसचा सिलिंडर. हमालांनी वर बघितलं आणि मजल्यामागे दर सांगायला सुरुवात केली, ते तरी काय करणार, चौदा मजले कपाट चढवायचं म्हणजे खायचं काम नाही.

एक आजी होत्या, दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज. खालच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, मी इथंच थांबते, जिन्याखाली. वर गेले की खाली कधी येणार मी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी बिल्डिंगमधल्याच चार पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्चीच्या पायांना ओढण्या बांधल्या आणि उचललं. मागे त्यांची सून, एका हातात औषधांचा डबा आणि दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी, कारण सहाव्या ते नवव्या मजल्यावर जिन्यातले दिवेच नव्हते. सातव्या मजल्यावर एका ताईंनी दार उघडून पाणी दिलं, पोरांना जरा टेकू दिलं. या ताईसुद्धा काही वर्षांपूर्वी अशाच एका पावसात इथे आल्या होत्या, त्यांच्या जुन्या इमारतीच्या जागेवर अजून काही उभं राहिलेलं नाही.

हे चालू असताना एक काका माझ्याजवळ आले. हातात प्लास्टिकची पिशवी आणि त्यात भाड्याच्या पावत्या, वर्षावार रबर लावून. म्हणाले, "साहेब, मी एक महिना चुकवला नाही. हे पैसे जातात कुठं?"

मी खरं ते सांगितलं. भाडं पालिकेच्या महसुली उत्पन्नात जमा होतं, सगळ्या पैशात मिसळून जातं. लिफ्टचा खर्च विद्युत विभागाच्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या वेगळ्या खात्यातून होतो, त्यासाठी प्रस्ताव, मग निधी आहे का त्याचा शेरा, मग निविदा, मग कार्यादेश. त्या शीर्षात शाळा, दवाखाने, नाट्यगृह सगळ्यांच्या लिफ्ट आणि दिवे असतात, त्यामुळे रेंटलचा नंबर शेवटी लागतो.

"म्हणजे आमच्या भाड्याचा आणि आमच्या लिफ्टचा एकमेकांशी संबंधच नाही?"

नाही. हेच तर आहे.

त्या रात्री घरी आल्यावर मी वहीत हिशोब मांडला. समजा ३०० खोल्या, भाडं महिना २ हजार, म्हणजे वर्षाचे ७२ लाख. निम्म्यांनीच भरलं तर ३६ लाख. यात वॉचमन, सफाई, पंपाचं आणि जिन्याचं लाइट बिल, लिफ्टचं मेंटेनन्स, आग विझवायची यंत्रणा, गळती. ओढाताण होते पण एकदम अशक्य नाही, अट एकच की तो पैसा त्याच इमारतीला मिळायला हवा. आणि मोठी दुरुस्ती यात बसतच नाही, ती कुणीतरी वरून घालायला पाहिजे. साध्या हाउसिंग सोसायटीला उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांच्या शिलकीत, आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत टाकावे लागतात. म्हणजे दहा फ्लॅटच्या सोसायटीला नियम आहे आणि पालिकेकडे आलेल्या एवढ्या मोठ्या टॉवरला असा राखीव निधीच नाही! इमारत फुकट मिळाली म्हणून ती फुकट चालेल असं सगळ्यांनी धरून चाललंय.

१०० वर्षांपूर्वी मुंबईत बीडीडी चाळी बांधल्या, २०७ इमारती, खोली तेव्हाही १६० फुटांचीच. पण त्या कामासाठी सरकारनं कर्ज उभारलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर लावला. भाड्यातून सगळं निघणार नाही हे त्यांनी मान्य केलं होतं आणि पैसा कुठून यायचा ते ठरवलं होतं. केंद्राची २०२० ची भाड्याच्या घरसंकुलांची योजना बघा, तिच्यात नव्या तंत्रानं बांधणाऱ्याला घरामागे ६० हजार ते १ लाख अनुदान होतं, ते चांगलंच होतं पण तेही परत फक्त बांधण्यासाठी. घर चालवायचं असतं पंचवीस-तीस वर्षं, त्याचा पैसा फक्त भाड्यावर सोडून दिलेला.

जे भाडं भरत नाहीत त्यांच्यावर मी वसुलीच्या नोटिसा काढतो, ते माझं कामच आहे. पण लिफ्ट बंद असलेल्या चौदाव्या मजल्यावर जाऊन थकबाकी मागताना समोरचा माणूस काय बोलेल ते मला आधीच पाठ असतं, आणि ते बोलणं बरोबर असतं.

एक लिफ्ट तिसऱ्या दिवशी सुरू झाली, आपत्कालीन बाब म्हणून. मी टिपणी लिहिली की रेंटलसाठी अर्थसंकल्पात वेगळं लेखाशीर्ष करा, जमा झालेलं भाडं त्यातच ठेवा, आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का रक्कम दरवर्षी पालिकेनं घालावी, विकासकांकडून जादा बांधकामासाठी येणाऱ्या प्रीमियममधून घातली तरी चालेल. लेखा विभागानं विचारलं, असं आधी कुठं केलंय का. मी सोसायटीचे उपविधी जोडून टिपणी परत पाठवलीय. काकांनी मजल्यावार भाडेकरूंची कमिटी केली, तिचा सहीचा अर्जही त्याच फाइलला लावलाय, आणि सुधारित अंदाजपत्रकाच्या बैठकीला मी ती फाइल स्वतः घेऊन जाणार आहे.