दोनशे पस्तीस, पंचेचाळीस, अठरा

हायब्रिड गाडीत बसलं की कळतं, इतकी वर्षं इंजिन आपल्यावर उपकारच करत होतं. ते घरघरायचं, म्हणून बाकीचं काही ऐकू यायचं नाही. आता बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी गाडी उभी राहते ती अगदी मुकाट. गेट उघडतं, रिक्षा आणि मोटारसायकली एकदम बोंब ठोकतात, आणि ही बया बॅटरीवर सरकत रूळ ओलांडून जाते. आत मागच्या सीटवरच्या मामींची बांगडी वाजलेलीसुद्धा ऐकू येते. पुढे रस्ता मोकळा मिळाला, वेग पन्नासच्या वर गेला, की खालून एक बारीक घूं सुरू होते. ती टायरची.

गाडी मामांची आहे. 2019 नंतरच्या घडणीची टोयोटा कॅम्री हायब्रिड, सेकंडहँड घेतलेली. मामांचा शहापुरात साड्यांचा धंदा. कापड हातात घेऊन पोत सांगणारा माणूस. गाडी स्वतः चालवतात आणि चालवताना रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकवाल्याशी काचेआडून संवाद साधतात. टायर गुळगुळीत होत आले तेव्हा निवडीचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात उगाच वाचत बसणारा मी एकटाच. मामांची अट होती ॲव्हरेज पडायला नको. मामींची अट होती गाण्यात आवाज यायला नको. माझी अट कुणी विचारली नव्हती, पण मला पावसात गाडी थांबायला हवी होती. या तीन अटी एकमेकींशी कशा भांडतात, हे टायरच्या रबराइतकं स्पष्ट दुसरं कुणी सांगत नाही. मऊ रबर रस्ता धरून ठेवतं, पण लवकर झिजतं आणि थोडं पेट्रोलही जास्त मागतं. कडक रबर किलोमीटर देतं, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा वर कळवतं. सिलिका घातलेल्या नव्या मिश्रणांनी ही भांडणं बरीच मिटवली आहेत. संपवली मात्र नाहीत.

जुन्या पी. बी. रोडवरच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने आधी गाडीचं नाव विचारलं नाही, साइज विचारला. मी पाठ केल्यासारखं म्हटलं, दोनशे पस्तीस, पंचेचाळीस, अठरा. टायरच्या बाजूला 235/45 R18 असं लिहिलेलं असतं. 235 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. 45 म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा 45 इतकी बाजूच्या भिंतीची उंची, म्हणजे जेमतेम 106 मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि 18 इंच रिम. पुढे 94 असेल तर एक टायर 670 किलो वजन पेलतो, 98 असेल तर 750. डब्ल्यू अक्षर असेल तर ताशी 270 किलोमीटरपर्यंतची हमी. वडगावच्या गल्लीत या अक्षराचा उपयोग काय, असं मामांनी विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

दुकानदार मात्र मुद्द्याचं बोलला. "साउंड कम्मी पाहिजे तर रेट जास्ती लागतंय बघा सर." त्याने एकामागून एक नावं काढली. मिशेलिनचा प्रायमसी, ब्रिजस्टोनचा टुरांझा, कॉन्टिनेंटलचा कम्फर्टकॉन्टॅक्ट. योकोहामाने तर आपल्या एका मालिकेचं नावच डेसिबल या मापावरून डीबी ठेवलं आहे. मामांना ॲव्हरेजवाला हवा म्हणून ब्रिजस्टोनच्या इकोपियाचंही नाव निघालं. हे सगळे घरंदाज टायर आहेत, शर्यतीचे नव्हेत. शांतपणासाठी यांच्या नक्षीत एक गंमत केलेली असते: रबराचे ठोकळे सगळे एकाच लांबीचे नसतात. सारख्या ठोकळ्यांचा टायर सारख्या अंतराने रस्त्यावर थापा मारतो आणि एकच सूर धरून किंचाळतो. ठोकळे लहानमोठे केले की तोच आवाज अनेक सुरांत विखुरतो, आणि विखुरलेला आवाज कानाला टोचत नाही. दुकानात नक्षीवरून नख फिरवून पाहा, कळतं.

खरी अडचण मात्र नक्षीत नसून पोटात आहे. टायरच्या आत हवेचं एक गोल कडं असतं. रस्त्याने धक्का दिला की ती हवा घुमते, आणि तिचा सूर टायरच्या व्यासावर ठरतो. आपल्या साइजला तो साधारण 200 हर्ट्झच्या आसपास येतो. मी हे मामींना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. लहानपणी पेटी शिकलेल्या आहेत, पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटीशी कधीच गाठ पडली नाही असा कान मिळणं तसं अवघडच. म्हणाल्या, "म्हणजे काळी चार की रे." मी हिशेब केला. मधल्या सप्तकाच्या खालची काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, 208 हर्ट्झला बसते. आपल्याकडच्या गायिकांचा षड्ज बहुधा काळी चार ते पाच यांच्या मध्येच असतो. म्हणजे हमरस्त्यावर गाडीत एखाद्या बाईंची मैफल लावली की टायर नेमका तिच्या तानपुऱ्यावर बसतो, किंचित बेसूर. बुवांचं गाणं लावलं तर तेवढा त्रास होत नाही, कारण त्यांचा षड्ज बराच खाली असतो. मामी गेले कित्येक महिने "गाडीत गाणं लागत नाही" म्हणत होत्या ते काही नखरे नव्हते.

यावर कंपन्यांचा उपाय आहे. टायरच्या आतल्या बाजूला स्पंजाचा पट्टा चिकटवतात, तो ते घुमणं पिऊन टाकतो. कॉन्टिनेंटल त्याला कॉन्टीसायलेंट म्हणते. मिशेलिन, पिरेली यांचीही तशीच तऱ्हा आहे. आमच्या दुकानदाराने मात्र मान हलवली. पंक्चर काढायचं तर आतून पॅच लावण्याआधी तिथला स्पंज सोलायचा आणि परत चिकटवायचा. बेळगावात एक वेळ होईल. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या पावसात, कोण करणार? मला त्याचं म्हणणं पटलं. आमच्याकडून गोव्याला जायचं तर चोर्ला घाट, आणि पावसाळ्यानंतर तिथला रस्ता टायरचा आवाज नव्हे, टायरचा जीव पाहतो.

छापील मापांवर फार विसंबू नये असंही मला वाटायला लागलंय. युरोपात टायरवर एक लेबल असतं. त्यात पेट्रोल, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींचे गुण असतात. आवाजाचा आकडा पाहून लोक टायर घेतात. पण तो आवाज गाडीच्या आत मोजलेलाच नसतो! रस्त्याकडेला, गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर माइक ठेवतात, गाडी ताशी 80 च्या वेगाने इंजिन बंद करून सोडतात, आणि बाहेर किती ऐकू आलं ते लिहितात. म्हणजे तो गुण मामींसाठी नाहीच. तो रस्त्याच्या कडेला उसाच्या गुऱ्हाळावर बसलेल्या माणसासाठी आहे.

शिवाय निम्मा आवाज रस्त्याचा. स्मार्ट सिटीच्या यादीत बेळगाव 2016 सालीच आलं, त्यानंतर शहरात बरेच रस्ते काँक्रीटचे झाले. काँक्रीटवर पाणी निघून जावं म्हणून आडव्या रेघा ओढतात, त्या रेघांवर कुठलाही टायर गातोच. नव्या डांबरावर तोच टायर गप्प. निपाणीच्या पुढे, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेजवळच्या कोगनोळी टोलनाक्याच्या आसपास आवाज बदलला की गाडीतला कुणीतरी "आलं बघ आपलं" म्हणतो. आपलं कोणतं, इकडचं की तिकडचं, यावर आमच्या घरात एकमत होत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांना गुळगुळीत रस्ता आपलाच वाटतो.

मला स्वतःला आणखी एक वाट आवडली होती. रिम 17 इंचाचं करायचं आणि टायर 215/55 चा घ्यायचा. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, दोन्हीकडे सुमारे 668 मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. बाजूची भिंत मात्र 118 मिलिमीटर होते. म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामध्ये बारा मिलिमीटर जास्तीचं रबर आणि हवा. कॅम्रीला परदेशांत कारखान्यातूनही हा साइज मिळतो. वजन पेलण्याचा 94 चा आकडाही मिळतो. आराम वाढतो, रिम वाकत नाही, टायर स्वस्त पडतो. वॉरंटी आणि विम्याचं आधी विचारून घ्यावं लागलं असतं, पण हिशेब चोख होता. मामा म्हणाले, "गाडी विकताना लोक चाकं बघतात रे. बारकी चाकं बसवून काय म्हशीला ऐनक घालतोस काय?" विषय संपला. आरामाच्या गाडीला अठरा इंची चाकं दिसण्यासाठी लावतात हे कारखान्यापासून मामांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही.

खरं तर हवेचं टायर आरामासाठीच जन्माला आलं. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली आणि पेटंट घेतलं. त्याच 1888 मध्ये आमच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं. पुढे 1910 मध्ये ते औंधच्या राजांच्या आश्रयाने किर्लोस्करवाडीला गेले, आणि बेळगावला किर्लोस्कर रोड राहिला. आता कॅम्री बिडदीच्या ज्या कारखान्यात जुळते, त्याच्या नावातही टोयोटाशेजारी किर्लोस्कर आहे. मामांना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग आपल्याला डिस्काउंट पाहिजे की."

शेवटी पकडीच्या बाजूने कौल दिला. स्पंज नको, साइज बदलायचा नाही, ओल्या रस्त्यावर चांगला आणि शांत म्हणून नावाजलेला टूरिंग टायर. घेताना बाजूवरचे चार अंक वाचले: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दुकानात वर्षभर उन्हात पडलेला टायर कितीही मोठ्या नावाचा असला तरी घेऊ नये. आयएसआयचा शिक्का पाहिला. अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. हवा मात्र मी दारावरच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच, टायर थंड असताना भरायला लावली. पंपावरचा पोरगा प्रत्येक गाडीला एकच आकडा ठेवतो, आणि चार पौंड जास्त झाली की सगळा महागडा मऊपणा वाया जातो. माझ्या मते शांततेचा सर्वांत स्वस्त पार्ट हाच.

ॲव्हरेज थोडं घटलं. नवे टायर झिजेपर्यंत घटतंच, नक्षी खोल असते, पण मामांना ते पटत नाही; दर टाकीला मला फोन येतो. मामींना मात्र कोल्हापूरला जाऊन आल्यावर मी स्वतःच विचारलं, गाणं कसं लागतंय आता?

"गाणं मस्त लागतंय रे," मामी म्हणाल्या. "पण आता ह्यांचं ट्रकवाल्यांशी बोलणंबी सगळं ऐकू यायलंय. त्याला कुठलं टायर मिळतंय काय, बघ की."