शेवटचा माणूस आला का?

आमच्या पळणाऱ्यांच्या गटाचा रविवारचा लाँग रन, म्हणजे लांब अंतराची धाव, आखायचं काम माझ्याकडे आलं ते गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर. आधी ते बघणाऱ्या काकांची बदली नांदेडला झाली. जाताना त्यांनी मार्गांची वही हातात दिली आणि म्हणाले, "पुढचे काय, आपोआप येतेत. शेवटचा माणूस आला का, तेवढं बघत जा." छत्रपती संभाजीनगरात आता पळणारे पुष्कळ झालेत. विद्यापीठात, छावणीत, सिडकोच्या मैदानांवर सकाळी कुणी ना कुणी पळताना दिसतंच. पण एकट्यानं पाच किलोमीटर पळणं निराळं आणि तीस-चाळीस जणांना घेऊन वीस किलोमीटर जाणं आणि सगळ्यांना धडधाकट परत आणणं निराळं. ते कसं जमत गेलं ते लिहिते. जालना, परभणी, बीडकडे कुणी असा गट उभा करत असेल तर उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न रस्त्याचा. विद्यापीठाचा परिसर पळायला सुंदर. गेटातून आत शिरलं की झाडं, गाड्या कमी, आणि लेण्यांच्या डोंगराकडे जाणारा चढ. आठ-दहा किलोमीटरसाठी याहून चांगली जागा शहरात मला माहीत नाही. पण वीस करायचे म्हणजे त्याच रस्त्यावर चकरा, आणि प्रत्येक चकरेला आपली लावलेली गाडी दिसते. पंधराव्या किलोमीटरला गाडी दिसली की भले भले किल्ली काढतात. म्हणून लांबचं अंतर दौलताबाद रस्त्यावर. नगर नाक्यावरून निघायचं, पडेगाव, मिटमिटा करत शरणापूर फाटा गाठायचा आणि तिथून किल्ल्यापर्यंत. वाटेत वडाची जुनी झाडं आहेत, आणि उजाडलं की देवगिरीचा डोंगर समोर उभा राहतो. कुठे जायचंय ते डोळ्यांना दिसत असलं की पाय ओढले जातात, हा माझा अनुभव.

मार्ग नकाशावर बघून ठरवू नका. ज्या वेळेला पळणार त्याच वेळेला, त्याच वारी, आठवडाभर आधी स्कूटरवर जाऊन यायचं. कुठला दिवा बंद आहे, कुठल्या वळणावर कुत्र्यांची टोळी आहे, कुठली टपरी पाचला उघडते, रस्त्याच्या कामासाठी कडेला खडी कुठे टाकलीय, हे त्याशिवाय कळत नाही. पाण्याच्या जागांवर मी रस्त्याच्या कडेला फक्कीनं बाण मारते. मैदान आखायला वापरतात तीच चुन्याची फक्की. एक पुडा पिशवीत असला की पुरतो, आणि अंधारात टॉर्च पडला की बाण पांढराशुभ्र दिसतो. पाऊस असला की मात्र बाण वाहून जातात, तेव्हा झाडाला कापडाची चिंधी बांधायची.

रस्त्याच्या कुठल्या बाजूनं पळायचं यावरून आमच्याकडे बरीच वादावादी झाली. सवयीनं माणूस डाव्या कडेनं पळतो, गाडी चालवतो तसा. पण तसं पळलं की मागून येणारं वाहन दिसतच नाही. आम्ही उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळतो. एका मागे एक, फार तर दोघं शेजारी. अंगावर रिफ्लेक्टरचं जॅकेट, डोक्याला टॉर्च, आणि कानात हेडफोन घालायचे नाहीत. या शेवटच्या नियमावर रुसून दोन जणांनी येणं बंद केलं. केलं तर केलं. हिवाळ्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतात, मागे धड दिवा नसतो, आणि चालवणारा रात्रभर जागा असतो. त्याचा आवाज कानावर पडलाच पाहिजे.

वेगाचे गट पाडणं हे खरं कसोटीचं काम. आम्ही त्यांना बस म्हणतो: साताची बस, साडेसाताची बस, म्हणजे एका किलोमीटरला तेवढी मिनिटं. प्रत्येक बसला एक पेसर, म्हणजे ठरलेला वेग धरून गटाला नेणारा. लाँग रन हळू पळायचा असतो, इतका हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. हे सांगायला सोपं आणि गळी उतरवायला फार अवघड, विशेषतः पोलीस भरतीच्या पोरांना. आपल्याकडे गावोगावी ही पोरं पहाटे मैदानावर असतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, त्यामुळे त्यांचा सगळा सराव जीव तोडून पळायचा. आमच्यात आली की पहिले आठ किलोमीटर सुसाट, बाराव्याला कडेला बसलेली. "ताई, इतकं हळू पळून काय होतंय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यांना मी अविनाश साबळेचं उदाहरण देते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, आपल्या बीड जिल्ह्याचा गडी. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पण त्याच माणसानं २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. तीन किलोमीटरच्या शर्यतीचा धावपटू एकवीस किलोमीटर तसा पळतो, म्हणजे खाली पाया किती लांबचा असेल! एवढं सांगितलं की पोरं ऐकतात. त्यातल्या काहींना मी मुद्दाम साडेआठच्या बसचं पेसर केलं. हळू पळायला शिकवायचा याहून चांगला मार्ग मला सापडला नाही. मागच्या लोकांची जबाबदारी अंगावर पडली की पोरं एकदम मोठी होतात.

पाण्याचं सांगते. नळाला रोज पाणी न येणारं आमचं शहर. इथे पळताना अर्धा ग्लास पिऊन अर्धा रस्त्यावर फेकणं बघवत नाही. सुरुवातीलाच ठरवलं की कागदी कप नाहीत, प्रत्येकाची बाटली किंवा स्टीलचा ग्लास. वीस लिटरचे जार एका सदस्याच्या छोट्या टेंपोत टाकतो. थांबा दर तीन-साडेतीन किलोमीटरला. एका जारमध्ये साधं पाणी, दुसऱ्यात ओआरएस, एका पाकिटाला एक लिटर, पाकिटावर लिहिलंय तसंच. पातळ केलं तर उपयोग कमी होतो, घट्ट केलं तर पोटात ढवळतं. नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे, हे नव्यांना आवर्जून सांगावं लागतं. तासन् तास घामावाटे मीठ जात असताना माणूस फक्त पाणी पीत राहिला तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं दुखणं, मळमळ, भान हरपणं इथपर्यंत जातं. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, केळीचे तुकडे. सव्वा-दीड तासाच्या पुढे पळायचं तर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मोठी चार-पाच खजुरं अधूनमधून खाल्ली की त्यातलं बरंचसं भागतं. पळताना खायच्या महागड्या एनर्जी जेल ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्याव्यात, पण गुळावर पळून मॅरेथॉन पूर्ण केलेली माणसं आमच्यात आहेत.

आता शेवटचा माणूस. त्याच्या मागे आमच्याकडे नेहमी एक स्वीपर असतो. त्यानं कुणालाही मागे सोडायचं नाही, भले पूर्ण अंतर चालत यावं लागलं तरी. पाळी सगळ्यांवर येते, सगळ्यात वेगवान असेल त्याच्यावरही. निघताना सगळ्यांची नावं वहीत, परतल्यावर प्रत्येकानं स्वतःच्या हातानं नावापुढे खूण करायची. सगळ्या खुणा झाल्याशिवाय चहा नाही. पहिले आलेले कुरकुरतात, घड्याळ बघतात, पण थांबतात.

हे किती गरजेचं आहे ते गेल्या ऑक्टोबरात कळलं. पाऊस संपून उन्हाचा चटका सुरू झाला होता, सव्वाआठ होऊन गेले होते. आमच्यातले एक सर, पन्नाशीचे, नेमानं येणारे, मिटमिट्याच्या अलीकडे मागे पडले. स्वीपर होती शाळेत शिकवणारी एक मैत्रीण. तिनं विचारलं, "सर, पाणी घेता का?" तर ते म्हणाले, "गाडी कुठंय?" पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पाय सरळ पडत नव्हते. तिनं तिथंच त्यांना वडाच्या सावलीत बसवलं, बूट सैल केले, टेंपोला फोन लावला आणि जारचं पाणी रुमालानं मानेवर, काखेत, डोक्यावर घालत राहिली. टेंपो आला, दवाखान्यात नेलं, दुपारपर्यंत सर घरी गप्पा मारत बसले होते. उन्हात पळणाऱ्याचं बोलणं असंबद्ध झालं तर त्याला घोटभर पाणी पाजून "चला सर, थोडंच राहिलं" म्हणायचं नसतं. आधी थांबवायचं, अंग गार करायचं, डॉक्टरकडे न्यायचं. हे मी आता प्रत्येक नव्या स्वीपरला पाठ करून घेते. आणि ऑक्टोबर व मार्चमध्ये वेग मुद्दाम उतरवते, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस जातातच.

बायकांचा गट जमवणं मला सगळ्यात जिव्हाळ्याचं होतं. पळायची इच्छा पुष्कळजणींना, अडायचं पहाटे पावणेपाचला घराबाहेर पडण्यावर. काळोख, एकटीनं गाडी काढणं, घरच्यांचा चेहरा. मग मी एकेकीच्या घरी जाऊन चहा घेतला. सासूबाईंशी, कुणाच्या दादांशी बोलले. कोण घ्यायला येणार, कोण सोडणार, कुठल्या रस्त्यानं जाणार, किती वाजता परत, सगळं सांगितलं. एका गल्लीतल्या, एका कॉलनीतल्या मिळून येतील अशा जोड्या लावल्या. कपड्यांवर कुणी काही बोलायचं नाही असं ठरवलं. सलवार-कमीजवर बूट घालून पळणाऱ्या वहिनी आमच्यात आहेत आणि त्यांची एकवीस किलोमीटरची वेळ चांगली आहे.

पण घरच्यांचा धीर खरा चेपला तो श्रावणात. खुलताबादच्या भद्रा मारुतीला श्रावणातल्या शनिवारसाठी शुक्रवारी रात्री आपल्या शहरातून हजारो माणसं पायी निघतात. बायका, म्हातारी, पोरंबाळं, सगळी. तो रस्ता आमचाच. एका शुक्रवारी आम्ही लाँग रन त्या रात्री ठेवला, आणि पळायचं कमी, चालायचं जास्त असं सांगितलं. दौलताबादचा दिल्ली दरवाजा एरवी सुट्टीच्या दिवशी वेरूळकडे जाणाऱ्या गाड्यांनी तुंबलेला असतो, त्या रात्री माणसांनी भरला होता. पुढे घाट चढताना कुठे चहा, कुठे केळी, कुठे साबुदाण्याची खिचडी, अनोळखी माणसं हाक मारमारून हातात देत होती. आमच्या एकीच्या सासूबाई, वय पासष्टच्या पुढे, न थांबता घाट चढल्या आणि वर कागजीपुऱ्याला आम्हालाच म्हणाल्या, "दमलात का गं पोरींनो?" पुढच्या रविवारपासून त्यांच्या सुनेला उठवायचं काम त्याच करतात.

सप्टेंबरपासून जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू होते. अंतर हळूहळू वाढवायचं: तीन आठवडे वाढ, चौथ्या आठवड्याला उतार. सोळा, अठरा, वीस, मग चौदा. बावीस, चोवीस, सव्वीस, मग पुन्हा अठरा. सर्वात लांब तीस-बत्तीसचा, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर उतरतं अंतर, कितीही हुरूप आला तरी. अधूनमधून एक रविवार दौलताबादच्या घाटाचा ठेवते, कारण मुंबईत शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो आणि सपाटीवरच पळालेल्यांचे पाय तिथे बोलायला लागतात. घाटात चढताना पावलं लहान, उतरताना ब्रेक न लावता पण ताब्यात. गुडघे उतारावर जातात, चढावर नाही, हे मी बजावून सांगते.

आता उन्हाळा लागलाय. अंतर चौदावर आणलंय, निघायची वेळ साडेचार, आणि मार्ग पुन्हा विद्यापीठाचा, म्हणजे कुणाला त्रास झाला तर गाडी पाच मिनिटांत पोचेल. एक गोष्ट मात्र अजून हातात आहे. दौलताबाद रस्त्यावर पेट्रोल पंपावरची स्वच्छतागृहं सोडली तर बायकांसाठी मधल्या पट्ट्यात सोय नाही, आणि पाळी सुरू असताना वीस किलोमीटर पळणारीला त्याचं काय मोल आहे हे वेगळं सांगायला नको. शरणापूर फाट्याच्या पुढे एका ढाबेवाल्या मामांशी बोलणं झालंय. पहाटे सहाला मागचं दार उघडून ठेवायला ते तयार आहेत. बादली, मग आणि कोपऱ्यात एक दिवा आम्ही द्यायचा, पाण्याची टाकी ते भरतील. पावसाळ्याआधी तिथं कडी बसवून घ्यायची आहे.