राजा गेला, घोडा राहिला

मुंबईचं चिन्ह म्हटलं की सगळे गेटवे, सीएसएमटी नाहीतर क्वीन्स नेकलेस म्हणणार. माझं मत फोर्टमधल्या काळ्या घोड्याला. कारण त्याचं प्रकरणच भारी आहे, एखादा पुतळा जागेवर नसतानाही पन्नासएक वर्षं त्या जागेवर राज्य करतो असं कुठे बघितलंय का तुम्ही?

आता मूळ पुतळा घोड्याचा नव्हताच मुळी. तो होता इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाचा. १८७५ मध्ये तो प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे युवराज म्हणून मुंबईत येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूननी (ससून डॉकवाले तेच हे, मासळी घ्यायला जातो ते) लंडनच्या बोएम नावाच्या शिल्पकाराकडून ब्राँझचा पुतळा करून घेतला आणि १८७९ मध्ये तो इथल्या चौकात बसवला. एवढा खर्च, एवढा थाट, घोड्यावर ऐटीत बसलेला व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, आणि लोकांनी नाव काय दिलं तर काळा घोडा! वर कोण बसलंय याच्याशी कुणाला काही घेणंच नाही. साहेबाचा याहून मोठा पोपट कुणी केला नसेल.

मग स्वातंत्र्यानंतर ब्रिटिशांचे पुतळे हटवा अशी मागणी झाली आणि १९६५ मध्ये राजेसाहेब घोड्यासकट उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवले. चौक मोकळा. पण बसमध्ये तिकीट काळा घोड्याचंच, टॅक्सीवाल्याला सांगायचं काळा घोडाच, जहांगीर आर्ट गॅलरीला प्रदर्शन बघायला जायचं तरी "काळा घोड्याला भेटू". तिथल्याच रॅम्पार्ट रो या रस्त्याचं अधिकृत नाव के. दुभाष मार्ग झालं, ते पाटीवरच राहिलं बिचारं. १९९९ पासून तिथे कलांचा फेस्टिव्हल भरतो त्याचंही नाव हेच, आणि तेव्हाही तिथे घोडा नव्हता!! फेब्रुवारीतल्या त्या गर्दीत सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांना प्रश्न पडला असेल की अरे पण घोडा कुठाय, देव जाणे.

शेवटी २०१७ मध्ये नवा घोडा आला, शिल्पकार श्रीहरी भोसले. यावेळी नुसता घोडा, पाठीवर कुणी नाही. मला हे एकदम पटलं. लोकांनी जे आधीच ठरवून टाकलं होतं तेच फक्त ब्राँझमध्ये ओतलं ना. काही जण म्हणतात नवा तेवढा जमला नाही, जुन्याचा रुबाब नाही. असेल, मी घोड्यांमधला जाणकार नाही, पण रात्री ट्रॅफिक कमी झाल्यावर डेव्हिड ससून लायब्ररीच्या बाजूने बघा एकदा.

पण माझं जास्त प्रेम भायखळ्यातल्या जुन्यावर आहे. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात तो उभा आहे, आणि गंमत म्हणजे तिथेच घारापुरीचा दगडी हत्तीपण आहे. पोर्तुगीजांनी ज्या हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं तोच हा. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना पडून फुटला म्हणून तुकडे जोडून इथे उभा केला. म्हणजे बघा, एकाने चौकाला नाव दिलं, दुसऱ्याने अख्ख्या बेटाला, आणि दोघंही आपापला पत्ता सोडून भायखळ्यात शेजारी शेजारी! लाँचचं तिकीट काढून एलिफंटाला जाणारे लोक हत्ती न बघताच परत येतात आणि राणीच्या बागेत आलेले याच्यासमोरून पेंग्विन बघायला पळतात. पोरांचं ठीक आहे हो, मोठ्यांनी तरी दोन मिनिटं थांबायला काय हरकत आहे.

जाणार असाल तर भायखळा ईस्टला उतरा, चालत जाण्यासारखं आहे. बुधवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं.