चार दिवसांची गोल्फ ट्रिप: आधी टी टाइम, मग रूम

नुकतेच चार दिवस एका गोल्फ रिसॉर्टला राहून आलो, म्हणजे कोर्स, हॉटेल, स्पा, जेवणखाण सगळं एकाच आवारात. आम्ही तिघं मित्र खेळणारे आणि माझी बायको न खेळणारी. आल्यापासून जो तो विचारतोय प्लॅन कसा केला, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

रूम बुक करायच्या आधी प्रो शॉपला फोन करा, म्हणजे कोर्सवरचं दुकान, जिथे टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) बुक होतो. हॉटेलच्या रिसेप्शनला नाही, प्रो शॉपलाच. आम्ही रूमचे पैसे भरून बसलो आणि पोचल्यावर कळलं की आदल्याच आठवड्यात ग्रीन्सचं (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचं) एरेशन झालंय, म्हणजे मुळांना हवा-पाणी मिळावं म्हणून ग्रीनला बारीक बारीक भोकं पाडतात आणि वर वाळू पसरतात. कोर्सला ते लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही, पण बुकिंग घेताना कुणी अवाक्षर काढलं नाही याचं वाईट वाटलं. पट (ग्रीनवरचा हलका फटका) सरळ मारला तरी बॉल उड्या मारत जातो आणि ग्रीन नीट व्हायला दोनेक आठवडे सहज जातात. आधी विचारलं असतं तर आम्ही तारखा पुढे ढकलल्या असत्या. त्याच फोनवर हेही विचारा की त्या दिवसांत टूर्नामेंट आहे का, पॅकेजमधला टी टाइम कन्फर्म आहे की नुसताच रिकामा असेल तर, कार्ट (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) आणि रेंजचे (सरावाच्या मैदानाचे) बॉल त्यात धरलेत का, आणि पावसामुळे राऊंड अर्धवट राहिला तर पैशांचं काय.

दुसरी चूक म्हणजे पोचलो त्याच दिवशी 18 होल. चौघांच्या ग्रुपला एका राऊंडला चार-साडेचार तास लागतात (आम्ही तिघंच होतो तर स्टार्टरने, म्हणजे ग्रुप खेळायला सोडणाऱ्या माणसाने, चौथा खेळाडू जोडून दिला, तो फार छान निघाला), त्यात प्रवासाचा शीण, तेराव्या होलपासून सगळ्यांचा स्विंग गेला. पहिल्या दिवशी फक्त रेंज आणि पटिंग ग्रीन करा, तिथल्या ग्रीनचा स्पीड हाताला बसतो आणि पुढचे दिवस सुधारतात.

आणि टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, निवडताना मान-अपमान आणू नका. कार्डावर प्रत्येक टीचं स्लोप रेटिंग असतं, म्हणजे साधारण खेळाडूला तिथून कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा, 113 म्हणजे सरासरी, 155 म्हणजे कमाल. पहिल्या दिवशी आम्ही मागच्या टीवरून खेळलो आणि निम्मा वेळ बॉल शोधण्यात गेला, 2019 पासून शोधायला 3 मिनिटंच मिळतात हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी एक टी पुढे आलो, हॅन्डिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) धरून स्टेबलफोर्ड लावलं, म्हणजे प्रत्येक होलचे वेगळे पॉइंट, आणि खरी मजा तेव्हा आली, एखादं होल बिघडलं तरी पुढच्या होलवर माणूस पुन्हा गेममध्ये असतो.

सामानाचं थोडक्यात. क्लब (खेळायच्या स्टिक) 14 पेक्षा जास्त नाही. ट्रॅव्हल बॅगमध्ये ड्रायव्हरपेक्षा (लांब फटक्याचा मोठा क्लब) लांब अशी एक काठी उभी ठेवा, बॅग उलटी आपटली तर मार काठीवर जातो. ड्रायव्हरचं हेड निघत असेल तर काढून टॉवेलात गुंडाळा आणि पाना विसरू नका. शूजचे दोन जोड हवेतच, सकाळच्या दवात एक जोड भिजला की दुपारपर्यंत वाळत नाही.

न खेळणारं कुणी सोबत असेल तर त्यांचा दिवस आधी ठरवा. बायकोच्या स्पाच्या वेळा आम्ही आमच्या टी टाइमलाच घेतल्या, त्यामुळे दुपार सगळ्यांची एकत्र मिळाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उशिराचा स्वस्त टी टाइम घेऊन 9 होल खेळलो आणि ती कार्टमध्ये बसून आली, तिला ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त तेच आवडलं. सोबत बसणाऱ्याचे वेगळे पैसे लागतात का ते मात्र आधी विचारा.

शेवटच्या दिवशी सकाळी खेळणार असाल तर चेकआउटनंतर लॉकर रूम आणि शॉवर वापरता येतो का तेही विचारून ठेवा. आम्हाला मिळाला, म्हणून परतीचा प्रवास सुखाचा झाला.