खेप बुडाली तर पैसे कोण देणार?

मागच्या आठवड्यात ऐन सकाळच्या गर्दीत आमच्या डेपोतली एक फोर्कलिफ्ट उभी राहिली. बिघडली नव्हती, चालवणाऱ्या पोरानेच ती उभी केली. पोलंडचा आहे, विशी-बाविशीतला, कामाला लागून फार दिवसही झालेले नाहीत. मास्टच्या, म्हणजे माल वरखाली करणाऱ्या उभ्या सांगाड्याच्या, चेनमधली एक पिन जागच्या जागी किंचित फिरलेली त्याला दिसली. त्याने फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे दोन दांडे, जमिनीला टेकवले, किल्ली काढली, स्टिअरिंगला लाल टॅग अडकवला आणि किल्ली आमच्या टेबलावर आणून ठेवली. बाहेर ट्रेलर रांगेत उभे. सुपरवायझरने एवढंच विचारलं, दुसरी कुठली मोकळी आहे? बस्स. कुणाचा आवाज चढला नाही, "एवढा माल उतरवून घे, मग बघू" असं कुणी म्हणालं नाही.

इंग्लंडात येऊन मला बरीच वर्षं झाली. मिडलँड्समधल्या या डेपोत गाड्या आणि यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक सांभाळणं हेच माझं काम आहे. तरी असं काही पाहिलं की नवी मुंबईतलं आमचं रबाळे आठवतं आणि दिवसभर डोक्यातून जात नाही.

इथल्या सकाळच्या चिठ्ठीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा जीव तिच्यावर आहे. ट्रक डेपोबाहेर काढण्याआधी ड्रायव्हर त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो. दिवे, आरसे, टायर, हवेची गळती, माल बांधलेले पट्टे, सगळं बघतो. साडेतीन टनांवरच्या गाडीच्या टायरला किमान 1 मिलिमीटर नक्षी उरलेली हवी, कारला 1.6. चाकांच्या नटांवर पिवळ्या प्लास्टिकचे छोटे बाण बसवलेले असतात, शेजारच्या दोन नटांचे बाण एकमेकांकडे टोक करून. नट जरा सैल होऊन फिरला की त्याचा बाण वाकडा दिसतो. पान्हा लावायला नको, नुसतं चालत जाताना कळतं. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी उकिडवी बसून एकेक चाक न्याहाळलं होतं. फेरी झाली की सगळं ठीक असलं तरी आमच्याकडे चिठ्ठीवर 'दोष नाही' असं लिहून सही करायची. दोष असेल तर तो काय, कुणी आणि कधी काढला, हे त्याच कागदावर येतं आणि तो कागद किमान 15 महिने जपायचा. पुढच्या सहा महिन्यांच्या तपासण्या आधीच तक्त्यावर लावलेल्या असतात. ट्रक चालवणाऱ्या कंपनीला ऑपरेटर लायसन्स लागतं. देखभाल ढिली दिसली तर ते देणारा अधिकारी, ट्रॅफिक कमिशनर, ते स्थगित करू शकतो, रद्दही करू शकतो. त्यामुळे मालकालाही त्या कागदाची धास्ती असते.

पण हे वाचून "तिकडे कायदे आहेत, आपल्याकडे काय आहे" असं कुणी म्हणू नका, मला ते ऐकवत नाही. माल उचलणाऱ्या यंत्रांचे इथले सध्याचे नियम 1998 चे. माणसं उचलणारी यंत्रं आणि साखळ्या-स्लिंग यांची साधारण दर सहा महिन्यांनी, बाकीच्यांची वर्षाने सखोल तपासणी, असं त्यांत आहे. 2025 मध्ये नवी संहिता येईपर्यंत लागू असलेल्या आपल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम 29 काय सांगत होतं? क्रेन, चेनपुली, साखळ्या, दोर वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्या आणि नोंद ठेवा. लिफ्ट आणि हॉइस्टसाठी कलम 28, तिथे सहा महिने. लिहिण्यात आपण मागे नव्हतो.

हातच्या कसबातही नाही. रबाळ्याचे आमचे मिस्त्रीकाका इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला इंजेक्टर अडकतोय ते सांगतात. इथला टेक्निशियन लॅपटॉप जोडल्याशिवाय तोंड उघडत नाही. संध्याकाळी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून पार्ट आणून पहाटे गाडी लाईनवर लावणारी माणसं आहेत ती, आणि मला त्यांचा अभिमान आहे. फक्त त्यांना बोलावलं जातं ते गाडी बंद पडल्यावर. पडायच्या आधी तासभर त्यांना गाडीपाशी बसू देणारा मालक ठाणे-बेलापूर रोडवर मी फार कमी वेळा पाहिला. मी तिथे नोकरी करत होते तेव्हा ग्रीसिंगचं रजिस्टर सुरू करायला लावलं होतं. मोठी ऑर्डर आली की पहिलं तेच बाजूला पडायचं. त्यात मी कमी पडले असं मला आजही वाटत नाही. मी देश सोडला तो काही नुसत्या पगारासाठी नाही.

धाकट्या भावाचं रबाळे एमआयडीसीत छोटं युनिट आहे. दोन फोर्कलिफ्ट, तीन टेम्पो, एक कंप्रेसर, एक जनरेटर. गेल्या पावसाळ्यात एक फोर्कलिफ्ट बसली आणि भाड्याने दुसरी आणावी लागली. तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "ताई, तुमचं ते वेळापत्रक पाठव."

मी ते जसंच्या तसं पाठवलं नाही, कारण ते तिथे चालणारच नाही. रबाळ्याची धूळ, खाडीवरून येणारा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस इथल्या तक्त्यात नाहीत. धुळीच्या जागी सर्व्हिस लवकर करा, हे यंत्राच्या मॅन्युअलमध्येही असतं. आम्ही आधी नुसते मीटरचे आकडे लिहायला लागलो. त्याची एक फोर्कलिफ्ट दोन पाळ्यांत चालते, दुसरी दिवसाला जेमतेम तासभर. दोघींना सर्व्हिसची एकच तारीख देऊन काय उपयोग? फोर्कलिफ्टला तास, टेम्पोला किलोमीटर. जनरेटरला मात्र तारीखच, कारण तो उभा राहून खराब होतो. महिन्यातून एकदा लोड टाकून चालवायचा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं ते चार्जिंग झाल्यावर. कंप्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक भावाने व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर उघडला. गंजाचं तांबूस पाणी फसफसत बादलीत पडायला लागलं आणि थांबेचना. तो कॉक आता रोज संध्याकाळी उघडला जातो.

मग मिस्त्रीकाकांच्या हातात कॅलिपर दिला. फोर्क जिथे काटकोनात वळतो ती टाच सगळ्यात आधी झिजते. तिची जाडी उभ्या दांड्याच्या न झिजलेल्या भागाशी ताडून बघायची. 10 टक्के झिजली की फोर्क बाद, म्हणजे 40 मिलिमीटरचा 36 झाला की संपला. चार मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाहीत, पण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून क्षमता जवळपास पाचव्या हिश्शाने जाते. एक फोर्क 37 भरला. काका म्हणाले, वेल्डिंगने भरून घेऊ. मी म्हटलं, काका, तापवलं की त्या पोलादाचं पाणी उतरतं, ते कमजोर होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे, नवाच मागवू." चेनचंही मोजून घेतलं. मूळ लांबीपेक्षा 3 टक्के ताणली की बदलायची.

इथपर्यंत भाऊ सगळ्याला हो म्हणत होता. अडलं ते सकाळच्या चिठ्ठीवर. त्याचे टेम्पोवाले खेपेवर आहेत. ब्रेक नीट लागत नाही असं ड्रायव्हरने लिहिलं तर टेम्पो उभा राहणार आणि त्याची त्या दिवसाची कमाई जाणार. मग तो कशाला लिहील? त्याच्या जागी कुणीही 'दोष नाही' वर सही करून निघेल. आमच्या डेपोतला पोरगा तासावर पगार घेतो, फोर्कलिफ्ट उभी केली म्हणून त्याची एक पेनीही कापली गेली नाही. उलट इथे दोष असलेला ट्रक रस्त्यावर नेला तर ड्रायव्हर स्वतःही जबाबदार धरला जातो. टेम्पोवाल्याकडून तीच हिंमत फुकटात मागणं मला पटत नाही.

भावाला सांगितलं, चिठ्ठीतला दोष खरा निघाला तर बुडालेल्या खेपेचे पैसे दे. तो भडकला. "ताई, तिकडे बसून सांगायला तुझं काय जातं? उद्यापासून एकाचाही ब्रेक लागणार नाही." मी म्हटलं, दोष खरा की खोटा ते मिस्त्रीकाका पाच मिनिटांत सांगतील, आणि भाड्याच्या फोर्कलिफ्टचं बिल काढून बघ, त्यात किती खेपा बसतात. फोन ठेवला तेव्हा दोघंही नाराज होतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, एका टेम्पोवर दिवाळीपर्यंत करून बघतो. मी कळवलं, तिन्हींवर कर, नाहीतर बाकीचे दोघे त्या एकावर खार खातील. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. चिठ्ठीचा मराठी नमुना मात्र पाठवून दिला आहे, खाली दोन सह्या, ड्रायव्हरची आणि मालकाची. तुमच्यापैकी कुणी तुर्भे, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये खेपेवरच्या ड्रायव्हरांना असे पैसे देत असाल, तर हिशोब कसा बसवता ते मला कळवा. मी ते भावाला वाचून दाखवणार आहे.