रविवारची यादी

आमच्या तुकडीत मी एकटाच ख्रिस्ती. त्यामुळे नाताळची सुटी जवळ आली की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असायचा : "तुमच्या चर्चमध्ये नेमकं करतात काय रं?" "गाणी म्हणतात, प्रार्थना करतात" एवढं सांगून मी मोकळा व्हायचो. शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला, तेव्हा त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावंसं वाटलं. त्या उत्तरात आपल्या इतिहासाच्या बाई आहेत, म्हणून ते इथंच द्यायला हवं.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852च्या अखेरीस आले. न्यू शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. ती परंपरा प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपऐवजी निवडलेल्या वडिलांनी चर्च चालवण्याची. आमचं घर मात्र अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणातलं : बिशप, पाळक, डीकन अशी रचना आणि हातात छापील प्रार्थनापुस्तक. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तेव्हापासून कागदोपत्री एकाच घरातले. उपासनेचं जुनं वळण मात्र आमच्याकडं टिकलं.

हे वळण म्हणजे ठरलेला क्रम. आधी पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, मग क्षमेचं वचन, स्तोत्र, जुन्या आणि नव्या करारातले शास्त्रपाठ, उपदेश, विश्वासांगीकार, मध्यस्थीच्या प्रार्थना, अर्पण, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला) आणि शेवटी आशीर्वाद. वेदीवरच्या कापडाचा रंगसुद्धा काळाप्रमाणे बदलतो : नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळात आणि ईस्टरला पांढरा, पवित्र आत्म्याच्या सणाला लाल, एरवी हिरवा. गाणी 'उपासना संगीत'मधली. त्यातली रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं तर अभंगाच्या चालीवर, टाळ-पेटीसह. आपले संगीताचे सर पंढरीची वारी करणारे. नाताळच्या भजनाला ते हक्कानं यायचे, पखवाज मांडीवर घ्यायचे आणि आमच्या पेटीवाल्याला लय सांभाळायला लावायचे. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, म्हाताऱ्या माणसांना ते इतके आपले वाटत, की एका नाताळला ते आले नाहीत तेव्हा पाळकसाहेब त्यांच्या घरी विचारपूस करायला गेले.

छापलेली प्रार्थना वाचण्यात कसली भक्ती, असं पुष्कळजण विचारतात. प्रार्थना मनातून यावी, ऐनवेळी सुचावी, असं म्हणणारे ख्रिस्ती लोकही आहेत. मी त्यांचा मान राखतो, पण माझं मत वेगळं आहे आणि ते बाईंमुळं झालं. बाई आमच्याच मंडळीतल्या. त्यांचे यजमान गेले, त्यानंतरच्या रविवारी त्या नेहमीच्या बाकावर येऊन बसल्या. पापांगीकाराच्या वेळी त्यांचा आवाज फुटेना. आजूबाजूचे लोक ठरलेल्या ओळी म्हणत राहिले, आणि प्रभूच्या प्रार्थनेतल्या 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' इथपर्यंत येता येता बाईही त्यांच्यात मिसळल्या. पुढं कधीतरी त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्याकडं शब्दच नव्हते. मंडळीकडं होते." ज्या दिवशी माणसाला काही सुचत नाही, त्या दिवसासाठीच ती प्रार्थना लिहून ठेवलेली असते, हे मला तेव्हा कळलं.

आता यादीबद्दल. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आम्ही देशासाठी, राज्यकर्त्यांसाठी, प्रवाशांसाठी, शोकात असलेल्यांसाठी प्रार्थना करतो आणि मग आजाऱ्यांची नावं वाचतो. ही नावांची यादी एका जुन्या वहीत लिहिलेली असे. उपासना संपली की वही कपाटात जात नसे. चर्चच्या ओसरीवर चहा पिता पिता ती यादी भागाप्रमाणे वाटली जाई : शाहूपुरीची दोन घरं तुम्ही, कसबा बावड्याचं एक मी, सीपीआरमधले, म्हणजे सरकारी दवाखान्यातले, पेशंट महिला मंडळाकडं. ज्याचं नाव सकाळी देवापुढं घेतलं, त्याच्या दारात संध्याकाळच्या आत कुणीतरी उभं राहायचंच. जाणाऱ्याला त्या दिवशी जावंसं वाटतंय का, हे कुणी विचारत नसे. पाळी असायची आणि पाळी पाळायची.

मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. सेवा म्हटलं की आपण कळवळ्याची गोष्ट बोलतो. कळवळा येतो तसा जातोही. आमच्या मंडळीनं सेवा रविवारच्या क्रमातच गुंफून टाकली होती. प्रभुभोजनाला जसा ठरलेला दिवस, तशी आजाऱ्याच्या भेटीला ठरलेली पाळी. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात, यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपात दुजाभाव होतो अशी तक्रार येते. तेव्हा प्रेषितांच्या सांगण्यावरून मंडळी त्या कामासाठी सात माणसं निवडते आणि प्रेषित प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवतात. जेवण वाढणाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना! हा पाठ चर्चमध्ये वाचला जातो तेव्हा मला महिला मंडळाच्या सीपीआरच्या फेऱ्या आठवतात. भाकरी, आमटी आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन त्या वॉर्डात जात. पेशंट आमचा, पण शेजारच्या खाटेपाशी राधानगरीकडनं आलेली म्हातारी बसलेली असे, तिला गावाकडनं डबा कुठला येणार? मग डब्यात चार भाकरी जास्तीच्या जाऊ लागल्या, आणि यादीत आमच्या मंडळीबाहेरची नावंही येऊ लागली.

शाळेशी याचा संबंध हंगामाच्या सणातनं आला. भाताची कापणी झाली की आमच्याकडं हंगामाचा सण असतो. शेतातलं पहिलं पीक देवाला अर्पण करायचं. कुणी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणतं, कुणी गुळाची ढेप, कुणी उसाची मोळी, कुणी परसातला भोपळा, कुणी जिवंत कोंबडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. एखादा नारळ घ्यायचा, पैसे मोजायचे आणि तोच नारळ पुन्हा लिलावात ठेवायचा. असा एकेक नारळ पाच-सहा हात फिरतो आणि शेवटी कुणाच्या तरी पोराला फोडून खायला मिळतो. त्या पैशातला एक वाटा दरवर्षी आपल्या शाळेतल्या मुलांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी यायचा. आपली शाळा मिशनची नव्हे, आणि ती मुलंही बहुतेक ख्रिस्ती नव्हती. पैसे बाई हेडसरांकडं नेऊन देत. कुणाला मिळाले हे चर्चला कळू नये आणि कुठून आले हे मुलाला कळू नये, अशी बाईंची अट होती. मी आता मंडळीचा खजिनदार आहे, म्हणून हे जुन्या हिशेबवहीत पाहिलं : त्या नोंदींपुढं एकाही मुलाचं नाव नाही. आमच्याकडं अर्पणाचे पैसे नेहमी दोघांनी मोजायचे आणि दोघांनी सही करायची, इतका काटेकोर कारभार. तरी ही एक जागा मुद्दाम कोरी ठेवलेली होती.

वर्गात बाई धर्माबद्दल चकार शब्द काढत नसत. राजर्षी शाहू महाराज शिकवताना मात्र त्यांनी आम्हाला दसरा चौकात चालत नेलं होतं. 1901मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906मध्ये मुस्लिम बोर्डिंग, पुढं लिंगायत, 1915मध्ये इंडियन ख्रिश्चन हॉस्टेल... एका संस्थानच्या राजानं एकेका समाजाच्या पोरांना शिकायला छप्पर दिलं, हे त्यांनी चौकात उभं करून सांगितलं. मिस क्लार्क बोर्डिंगचं नाव घेताना, अस्पृश्य म्हणून ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी ते होतं, हेही सांगितलं. आम्ही पोरं उन्हानं वैतागलो होतो. बाईंचा आवाज मात्र चढलेला होता.

त्याच चौकाजवळ ऑगस्ट 2019मध्ये मी पुन्हा बाईंसोबत उभा होतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याला 43 फूट. त्या आठवड्यात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. सुतारवाड्यातली कुटुंबं दरवर्षीप्रमाणे आधीच चित्रदुर्ग मठात आली होती. पण या वेळी शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, नागाळा पार्क, जिथं पाणी येईल असं कुणाच्या मनात नव्हतं, तिथली माणसंही अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली. शिरोलीजवळ पुण्या-बंगळूरचा हायवे बंद. नदीकाठचे पंप बुडालेले, त्यामुळं चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. आपल्या शाळेचे वर्ग निवाऱ्यासाठी उघडले आणि मंडळीनं तिथल्या स्वयंपाकाचा भार घेतला.

11 ऑगस्टला रविवार होता. उपासना व्हावी की नको यावर आदल्या रात्री बोलणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, होईल, पण थोडक्यात. त्यांनी उपदेश केला नाही. प्रार्थना झाली, भाकर आणि प्याला झाला, आणि मध्यस्थीच्या वेळी नावांऐवजी गावांची यादी वाचली : चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं. आशीर्वाद होताच सगळे शाळेच्या अंगणात, चुलीपाशी. दुसऱ्या दिवशी बकरी ईद. आमच्याच बॅचचा एक मुसलमान मित्र तांदळाची पोती टेम्पोत टाकून आला आणि आमच्याबरोबर कांदा चिरत बसला.

बाई तेव्हा निवृत्त होऊन खूप वर्षं झालेली, गुडघे दुखायचे. त्यांनी स्वयंपाकात हात घातला नाही. दारात टेबल मांडलं, फूलस्केप वही घेतली आणि येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद करायला बसल्या. नाव, माणसं किती, हे तर झालंच. त्यापुढं बीपीच्या, साखरेच्या गोळ्या कुणाच्या वाहून गेल्या आणि कुठल्या इयत्तेची पुस्तकं भिजली, असे दोन रकाने त्यांनी स्वतः आखले होते. रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, पुस्तकाचं काय करायचंय आत्ता? जीव वाचला हे काय कमी हाय?" बाई म्हणाल्या, "पाणी उतरल्यावर शाळा भरणार आहे की, काका." आणि पुढचं नाव लिहिलं.

त्या दिवसांत बाहेरून मदत येत होती, चांगली येत होती. एका गटानं आमच्या शिध्याच्या पिशव्यांत धर्मपत्रकं घालावीत असं सुचवलं. हेतू त्यांच्या परीनं वाईट नव्हता. बाईंनी नकार दिला, आणि मंडळी त्यांच्या बाजूनं उभी राहिली. त्यांचं म्हणणं असं : ज्याच्या हातात आपली पिशवी आहे तो माणूस आज 'नको' म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्यापुढं येशूचं नाव ठेवायचं नाही. त्यात त्याचा अपमान आहे आणि त्या नावाचाही. माझ्या आयुष्यात श्रद्धेबद्दल इतकं स्वच्छ बोलणं मी दुसरं ऐकलेलं नाही. आम्ही आमची श्रद्धा लपवली असंही नाही. चूल पेटवण्याआधी आम्ही गोल उभं राहून प्रार्थना करायचो, अंगणात, सगळ्यांसमोर. चिखलीच्या एका मावशींनी विचारलं, "काय म्हणता रं तुम्ही ते?" आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आमच्या गावाचं नाव घ्या त्यात." गाव यादीत होतंच.

पुराच्या आठवड्यात सगळंच कोल्हापूर धावतं, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते धावणं असतं. पण पाणी उतरलं की खरा वास सुटतो. घरात गुडघाभर गाळ, फुगलेले दरवाजे, कुजलेलं धान्य. पुराच्या घाण पाण्यातनं होणाऱ्या लेप्टो तापाची भीती, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, ब्लीचिंग पावडर, फावडी, खराटे. तेव्हा टेम्पो कमी होत जातात आणि माणसंही. आमच्या मंडळीत कुणी विशेष शूर नव्हतं, फक्त वही होती आणि पाळी लावलेली होती. दिवाळीपर्यंत दर रविवारी उपासनेनंतर एक टोळी गाळ काढायला जात राहिली, आणि दिवाळीत त्यातल्या कित्येक घरांतनं आम्हाला फराळाची ताटं आली. बाईंच्या रकान्यांवरून बालभारतीची पुस्तकं इयत्तेप्रमाणे लावून शाळेत पोचवली. 2021च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा टेबल, वही आणि रकाने, सगळं जागच्या जागी तयार होतं.

बाई आता बाहेर पडत नाहीत. दर रविवारी त्यांचं नाव यादीत असतं आणि दुपारी कुणीतरी त्यांच्याकडं जातं. हल्ली बहुतेक वेळा मीच. त्या आधी विचारतात, यादीत आणखी कोण कोण आहे. मग विचारतात, शाळेला या वर्षी किती दिले.

पुस्तकनिधी अजून चालू आहे आणि आता माजी विद्यार्थी संघही त्यात वाटा उचलतो. पैसे हेडमास्तरांकडं द्यायचे, नाव लिहायचं नाही, अट तीच. यंदाचा हंगामाचा सण भात घरात आल्यावर होईल. तारीख शाळेच्या फळ्यावर लावायला सांगितली आहे. लिलावाला चर्चचंच माणूस लागतं असं काही नाही. आमच्या बॅचनं तर यावंच, आणि येताना पिशवी आणावी. घनसाळ तांदूळ लवकर संपतो.